‘रिव्हॉल्व्हर’ची पाच डिस्कची पेटी आणि आमच्या घरातला जुना वाद

आमच्या घरात रॉक संगीतावरून वाद निघाला की तो बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनेच जातो. माझा थोरला भाऊ माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा आहे आणि लेड झेपेलिन या बँडनंतर रॉकमध्ये नवे असे काही घडलेच नाही, हे त्याचे ठाम मत आहे. मी निर्वाणा या बँडच्या १९९१ सालच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमवर वाढले, त्यामुळे त्या बँडविषयी कोणी वावगे बोलले तर मला आजही ते सहन होत नाही. दादाची मुलगी रेडिओहेड आणि टेम इम्पाला ऐकत मोठी झाली असून आम्हा दोघांचेही बँड तिच्या लेखी केव्हाच इतिहासजमा झाले आहेत. तिघांचे एकमत होत असे ते एकाच बाबतीत: बीटल्सना, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या ब्रिटिश बँडला, मान द्यायचा, पण ऐकायला मात्र दुसरेच काही लावायचे. त्यांच्याच ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या विशेष आवृत्तीने हे एकमत मोडले. गेल्या काही महिन्यांत आम्ही ही पेटी एकत्र बसून आणि स्वतंत्रपणेही अनेकदा ऐकली, तिच्यावरून भांडलो, आणि त्या भांडणांत माझी स्वतःची काही जुनी मते बदलली. म्हणून हे परीक्षण मी सविस्तर लिहीत आहे.

मूळ अल्बम ५ ऑगस्ट १९६६ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४ गाणी असून ती सगळी मिळून जेमतेम ३५ मिनिटांची होतात. २८ ऑक्टोबर २०२२ रोजी निघालेल्या विशेष आवृत्तीच्या पेटीत मात्र पाच डिस्क आणि ६३ ट्रॅक आहेत. पहिल्या डिस्कवर निर्माते जाइल्स मार्टिन आणि ध्वनिमुद्रक सॅम ओकेल यांनी नव्याने केलेले स्टीरिओ मिश्रण, म्हणजे मुद्रित आवाज डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत वाटून केलेली जुळणी, आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कवर ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या २८ कच्च्या आवृत्त्या (गाणे घडताना केलेले वेगवेगळे प्रयत्न) आणि घरी टेप केलेले तीन खर्डे आहेत. चौथ्या डिस्कवर १९६६ सालचे मूळ मोनो मिश्रण (सगळे आवाज एकाच वाहिनीत) जसेच्या तसे दिले आहे, तर पाचव्या डिस्कवर त्याच दिवसांत मुद्रित झालेली, पण अल्बममध्ये नसलेली ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ ही दोन गाणी मोनो व स्टीरिओ अशा दोन्ही रूपांत आहेत. सोबत १०० पानांचे बांधीव पुस्तक आहे. हीच आवृत्ती विनाइल तबकड्यांवर आणि दोन डिस्कच्या लहान संचातही मिळते. मी जे लिहीत आहे ते पाच डिस्कच्या पेटीविषयी.

नवे मिश्रण कशासाठी, हा प्रश्न जुन्या श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर चार ट्रॅकच्या टेपमध्ये आहे. लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत त्या काळी एका टेपवर चारच ट्रॅक, म्हणजे आवाज स्वतंत्रपणे भरण्याच्या चारच पट्ट्या, असत. त्यामुळे ड्रम, बेस आणि गिटार ही वाद्ये अनेकदा एकत्रच, एकाच ट्रॅकवर मुद्रित होत, आणि चारही ट्रॅक भरले की ते दुसऱ्या टेपवर एकत्र उतरवून उरलेल्या जागेत पुढचे आवाज भरावे लागत. एकदा एका ट्रॅकवर मिसळलेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नसत. म्हणूनच ‘सार्जंट पेपर’चे नवे मिश्रण २०१७ साली, ‘व्हाइट अल्बम’चे २०१८ साली, ‘ॲबी रोड’चे २०१९ साली आणि ‘लेट इट बी’चे २०२१ साली झाले तरी त्या सर्वांच्या आधीचा ‘रिव्हॉल्व्हर’ मागेच राहिला. बीटल्सच्या १९६९ सालच्या चित्रफितींवर काम करताना दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने संगणकाला एकेका वाद्याचा आवाज ओळखायला शिकवले आणि एकत्र मिसळलेल्या मुद्रणातून ड्रम, बेस, गिटार व गळा वेगवेगळे काढण्याची पद्धत विकसित केली. ती हाती आल्यावरच हे काम शक्य झाले. संगणकाने येथे नवा आवाज निर्माण केलेला नाही. टेपवर जे होते तेच सुटे केले आहे. हा फरक मी मुद्दाम सांगत आहे, कारण ‘यंत्राने बनवलेले बीटल्स’ अशी हेटाळणी माझ्या पिढीतील अनेक जण पेटी न ऐकताच करतात.

या सुटे करण्याचा लाभ पहिल्याच गाण्यात कळतो. ‘टॅक्समन’च्या जुन्या स्टीरिओ मिश्रणात ड्रम, बेस आणि ताल धरणारी गिटार ही सगळी डाव्या कानात कोंबलेली होती, हेडफोनवर ऐकताना डोके एका बाजूला कलल्यासारखे वाटे. आता ड्रम आणि बेस मधोमध आले आहेत आणि पॉल मॅकार्टनीचा बेस कसा सतत गाण्याला मागून ढकलत राहतो, ते स्पष्ट उमगते. गाणे जॉर्ज हॅरिसनचे असले तरी त्यातला तो कर्कश, तुटक गिटारचा तुकडा मॅकार्टनीनेच वाजवलेला आहे, आणि नव्या मिश्रणात त्याची धार अंगावर येते. ‘एलेनॉर रिग्बी’मध्ये चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो अशी आठच वाद्ये आहेत. मायक्रोफोन वाद्यांच्या इतके जवळ ठेवले होते की तारेवर गज घासल्याचा खरखरीत आवाजही ऐकू येतो. जुन्या स्टीरिओत गळा एका बाजूला पडलेला असे. आता तो मध्ये उभा आहे आणि आठ वादक त्याच्या दोन्ही अंगांना बसले आहेत. तिसऱ्या डिस्कवर याच गाण्याच्या मुद्रणाआधीचे संभाषण आहे. त्यात निर्माते जॉर्ज मार्टिन वादकांना तोच भाग एकदा स्वर कंपित करून आणि एकदा सरळ ठेवून वाजवायला सांगतात. मिनिटभराचाच हा तुकडा, पण गाण्यातला तो कोरडा, बोचरा एकटेपणा कुठून आला, हे मला त्यातून जितके समजले तितके आजवर वाचलेल्या कोणत्याही लेखातून समजले नव्हते.

आता मूळ वादाकडे येते. दादाचा पहिला मुद्दा नेहमी ड्रमचा असतो. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम याच्या आधी रॉकमध्ये ड्रमला वजनच नव्हते आणि बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार हा नशिबाने मिळालेल्या जागी बसलेला साधा वादक होता, असे तो गेली चाळीस वर्षे सांगत आला आहे. पुराव्यादाखल तो लेड झेपेलिनच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बममधील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावतो. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जिन्याच्या उंच दालनात ड्रम मांडून वरून टांगलेल्या दोन मायक्रोफोनवर तो ठेका मुद्रित केला होता. त्या आवाजापुढे नतमस्तक व्हावे असाच तो आहे. याबाबत माझा दादाशी कधीच वाद नव्हता. या वेळी मात्र मी त्याच्यासमोर पेटीतील दुसरी डिस्क लावली. तिच्यावर ‘रेन’ची पाचवी आवृत्ती लागोपाठ दोनदा दिली आहे: आधी ती ज्या वेगात वाजवली गेली त्या वेगात, आणि लगेच मागोमाग टेपचा वेग उतरवून केलेल्या रूपात. पहिल्या रूपात रिंगोचा हात इतका चपळ आहे की दादाने डिस्क थांबवून तो ट्रॅक पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या रूपात तेच वाजवणे जड, ओले आणि खोल होते. प्रत्येक ठोका जणू जमिनीत रुतून मग वर येतो. रिंगोने स्वतः अनेक मुलाखतींत ‘रेन’मधील वादन हे आपले सर्वोत्तम काम असल्याचे म्हटले आहे, ते का, हे ही दोन रूपे शेजारी ठेवल्यावर समजते.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर तो म्हणाला, “वाजवणं चांगलं आहे, पण हा सगळा टेपचा खेळ झाला.” त्यावर त्याच्या मुलीने शांतपणे आठवण करून दिली की ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधील हार्मोनिका आणि गिटारचे भागही वेग उतरवूनच तसे गढूळ व जड केलेले आहेत. जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनचीही गोष्ट अशीच आहे. ‘रिव्हॉल्व्हर’चे काम सुरू झाले तेव्हा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघ्या २० वर्षांचा होता. बेस ड्रमचा आवाज घट्ट यावा म्हणून त्याने ड्रमच्या आत एक लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन स्टुडिओच्या रूढ नियमापेक्षा कितीतरी जवळ आणला. झेपेलिनने पुढे नेमकी उलटी वाट धरली आणि मायक्रोफोन दूर, उंचावर नेला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: ड्रमचा आवाज खोलीत जसा आहे तसा टिपायचा, की गाण्याला जसा हवा तसा घडवायचा? माझ्या मते बँडचा वारसा मोजायचा असेल तर तो अशा ठिकाणी मोजावा. कोणाची चाल कोणासारखी आहे हे शोधत बसण्यात चाहत्यांची वर्षे जातात, पण कामाची पद्धत एका बँडकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ती चालीत दिसत नाही आणि म्हणून वादात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही हेच घडले, आणि ते मान्य करायला मला थोडा वेळ लागला. एकाच गायकाचा आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक ठेवला की गळा भरदार वाटतो. जॉन लेननला तेच गाणे पुन्हा तंतोतंत गाण्याचा कंटाळा होता. म्हणून स्टुडिओतील तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ सालच्या याच कामाच्या वेळी दुसऱ्या टेप यंत्राच्या साहाय्याने एकाच गाण्याची दुहेरी छाया तयार करण्याची युक्ती शोधली. ‘रिव्हॉल्व्हर’भर ती कानी पडते, नव्या मिश्रणात गळा सुटा झाल्यामुळे दोन आवाजांमधील ते सूक्ष्म सरकणे अधिक स्पष्ट ऐकू येते. आता ‘नेव्हरमाइंड’कडे वळा. त्याचे निर्माते बुच विग यांनी सांगितले आहे की निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन आवाज दुहेरी करायला तयार नव्हता, त्याला ती लबाडी वाटत होती. तेव्हा जॉन लेननही असेच करत असे, हे सांगून त्यांनी त्याचे मन वळवले. ज्या गळ्यातला कच्चा, न सजवलेला प्रामाणिकपणा मी माझ्या पिढीची ओळख म्हणून अभिमानाने मिरवत आले, त्या गळ्याच्या भरदारपणामागे लेननच्या या सवयीचा आधार होता. यामुळे कोबेन माझ्या मनात लहान झाला नाही. पण ‘आमच्या बँडने सगळे नव्याने सुरू केले’ हे वाक्य मी वादात पूर्वी जितक्या जोराने म्हणत असे, तितक्या जोराने आता म्हणू शकत नाही.

भाचीचा मोर्चा ‘टुमॉरो नेव्हर नोज’वर होता. तिच्या मते रॉक बँडने गिटार बाजूला ठेवून यंत्रांचे आवाज हाती घेण्याचे धाडस रेडिओहेडने २००० साली ‘किड ए’मध्ये केले आणि तिथून आजचे संगीत सुरू झाले. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे अल्बमचे शेवटचे गाणे असले तरी मुद्रणाचे काम ६ एप्रिल १९६६ रोजी त्याच गाण्याने सुरू झाले होते, ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. दुसऱ्या डिस्कची सुरुवात त्या गाण्याच्या पहिल्या आवृत्तीने होते. ती अंतिम गाण्यापेक्षा संथ, पाण्याखालून आल्यासारखी आणि काहीशी भीतिदायक आहे. अंतिम रूपात टेपचे पाच गोलाकार तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होते, ते ताणून धरण्यासाठी माणसे पेन्सिली घेऊन उभी होती, आणि मिश्रण करणारे ते आवाज हाताने खालीवर करत होते. गाण्याच्या उत्तरार्धात लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला आहे. तो मेळ हाताने, त्या क्षणी साधलेला असल्यामुळे पुन्हा तंतोतंत तसाच जमणे शक्यच नव्हते. या डिस्कवर त्या गाण्याचे ‘आरएम ११’ (रीमिक्स मोनो ११) हे मोनो मिश्रणही आहे. ते चुकून मोनो तबकडीच्या अगदी पहिल्या प्रतींवर गेले होते आणि नंतर बदलले गेले. संग्राहकांच्या तोंडी असलेला तो आवाज आता कोणालाही ऐकता येतो.

भाचीने हे सगळे ऐकल्यावर हार मानली असे मात्र मुळीच झाले नाही. तिचे म्हणणे असे होते, “आत्या, पहिल्यांदा कोणी केलं हा शर्यतीचा प्रश्न आहे, संगीताचा नाही.” बीटल्सनी हा प्रयोग एका गाण्यापुरता केला, रेडिओहेडने त्यावर संपूर्ण अल्बम उभा केला आणि आपला जमलेला श्रोता गमावण्याची जोखीम पत्करली, हा तिचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. टेम इम्पालाच्या बाबतीत ती अधिक उदार होती. केव्हिन पार्कर स्टुडिओत जवळजवळ सगळी वाद्ये एकटाच वाजवतो, आणि त्याच्या ड्रमचा तो दबलेला, घोटीव आवाज तिला ‘रेन’च्या संथ रूपात लगेच ओळखू आला. तेव्हापासून तिच्या यादीत ‘रेन’ आहे, आणि तेही पाचव्या डिस्कवरचे मोनो.

दादाचा दुसरा मुद्दा रंगमंचाचा आहे आणि तो मला आजही पूर्णपणे खोडता आलेला नाही. बीटल्सचा शेवटचा तिकीट लावून झालेला कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये झाला, म्हणजे अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता. आणि त्या दौऱ्यात ‘रिव्हॉल्व्हर’मधील एकही गाणे त्यांनी वाजवले नाही. झेपेलिनने १९८० साली बॉनमच्या मृत्यूनंतर थांबेपर्यंत गाण्यांना रंगमंचावर वाढू दिले, कधी पाच मिनिटांचे गाणे वीस मिनिटांपर्यंत नेले. जे रंगमंचावर उभे राहत नाही ते रॉक नव्हे, असे दादा म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्य आहे. कच्च्या आवृत्त्या त्याला अर्धेच उत्तर देतात. ‘टॅक्समन’ची अकरावी आवृत्ती किंवा ‘गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ’चे, पितळी वाद्यांऐवजी गिटारी वापरलेले रूप ऐकले की चौघे एका खोलीत वाजवत असताना किती घट्ट बांधलेले होते, ते लक्षात येते. विशेषतः दुसऱ्या गाण्यातील तो फाटलेल्या आवाजाचा गिटारचा ठसका दादाला इतका आवडला की अंतिम गाण्यात तो वगळला कसा, यावर त्याने मलाच जाब विचारला. तरीही श्रोत्यांसमोर ही गाणी कशी रंगली असती, हे या पेटीतून कळत नाही आणि कळणारही नाही.

या वादाच्या मध्ये ‘लव्ह यू टू’ने आम्हाला थोडा वेळ गप्प बसवले. मूळ अल्बमच्या वेष्टनावर या गाण्यासाठी तबलावादक म्हणून अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे, आणि ते वाचताना मराठी वाचकाची नजर थबकल्यावाचून राहत नाही. पेटीत या गाण्याची तीन रूपे आहेत. पहिल्या आवृत्तीत हॅरिसन साध्या गिटारवर गाणे चाचपडत म्हणतो. तिथून सतार, तंबोरा आणि तबला असलेल्या अंतिम रूपापर्यंतचा प्रवास पाहता, भारतीय वाद्ये गाण्यावर नंतर चिकटवलेली नसून गाणे त्यांच्याभोवती बांधले आहे, याची खात्री पटते. सतारीवरचा त्याचा हात तेव्हा कच्चा होता, हे आपल्या कानांना कळतेच. त्या कच्चेपणासकट मला हे गाणे प्रिय आहे.

मला सर्वांत अनपेक्षित वाटले ते मात्र ‘यलो सबमरीन’. हे लहान मुलांसाठीचे, मॅकार्टनीने रचलेले हलकेफुलके गाणे आहे, असे आपण सगळे धरून चालतो. तिसऱ्या डिस्कवर जॉन लेननचा घरी टेप केलेला खर्डा आहे. गिटारच्या साथीने तो एकटाच, हळू आवाजात गातो आहे, आणि त्यातील उदासी इतकी दाट आहे की पुढे याच ओळींवर रिंगो आनंदाने गाणार आहे, हे खरे वाटत नाही. लेनन आणि मॅकार्टनी यांच्यापैकी मोठा कोण, हा चाहत्यांचा सर्वांत जुना झगडा आहे. तो झगडा करणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा दोन भागांचा खर्डा आणि त्यामागोमागची आवृत्ती एका बैठकीत ऐकावी. त्याच गाण्यात बोट, पाणी आणि घंटांचे आवाज भरण्यासाठी १ जून १९६६ रोजी जी मंडळी स्टुडिओत जमली होती, त्यांत रोलिंग स्टोन्स या प्रतिस्पर्धी बँडचा ब्रायन जोन्स होता. बीटल्स की स्टोन्स, यावरून जगभर मैत्र्या तुटत होत्या, तेव्हा एका पक्षाचा माणूस दुसऱ्याच्या गाण्यात ग्लास वाजवून साथ देत होता.

आता या पेटीतील उणिवा. नवे स्टीरिओ मिश्रण सर्वत्र सारखे उतरलेले नाही. चांगल्या हेडफोनवर काळजीपूर्वक ऐकले तर काही ठिकाणी झांजांचा लांबणारा नाद किंचित पाणचट लागतो. वाद्ये सुटी करताना त्यांच्या कडा झिजल्या असाव्यात, असे माझ्या कानांना वाटते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ तर मला मोनोतच अधिक भावते. त्या गाण्याची ताकद सगळे आवाज एकमेकांवर आदळून एका भिंतीसारखे समोर येण्यात आहे, आणि ती भिंत डावी-उजवीकडे पसरवली की तिची जाडी कमी होते. १९६६ साली बँडचे खरे लक्ष मोनो मिश्रणावर असे आणि स्टीरिओ त्या मानाने घाईत उरकले जाई, हे लक्षात घेता चौथी डिस्क ही या पेटीचा कणा आहे. लहान, दोन डिस्कच्या संचात नेमके मोनो वगळले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाचव्या डिस्कविषयी माझी तक्रार अधिक व्यावहारिक आहे. चार ट्रॅक, जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे संगीत, आणि त्यासाठी स्वतंत्र डिस्क. हे चार ट्रॅक मोनो डिस्कच्या शेवटी सहज मावले असते. याउलट याआधीच्या मोठ्या पेट्यांमध्ये सभोवताल ध्वनीचे मिश्रण असलेली ब्लू-रे डिस्क होती. ‘रिव्हॉल्व्हर’च्या पेटीत ती नाही, आणि तसे मिश्रण ऐकायचे तर ऑनलाइन सेवेकडे वळावे लागते. पेटी विकत घेणाऱ्या श्रोत्याला त्या पेटीतच सर्व काही मिळायला हवे, अशी माझी साधी अपेक्षा आहे. कच्च्या आवृत्त्यांपैकी काही १९९६ सालीच बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’ या संग्रहाच्या दुसऱ्या भागात येऊन गेल्या आहेत. लेनन आणि मॅकार्टनी हसू न आवरल्यामुळे ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’ गाऊच शकत नाहीत, तो प्रसिद्ध ट्रॅक त्यांपैकीच एक. जुन्या संग्राहकांना ही पुनरुक्ती खटकेल, नव्यांना नाही.

पुस्तक मात्र अपेक्षेपेक्षा सरस निघाले. प्रस्तावना मॅकार्टनीची आहे, मुखपृष्ठाचे रेखाचित्र काढणारे क्लाउस फोरमन यांनी त्या चित्राच्या जन्माची कथा चित्रांतूनच सांगितली आहे, आणि मुख्य म्हणजे ‘द रूट्स’ या हिपहॉप बँडचा ड्रमवादक क्वेस्टलव्ह याचा लेख त्यात आहे. त्याचा जन्म १९७१ सालचा, म्हणजे बीटल्स फुटल्यानंतरचा. बँडच्या बाजूने बोलण्यासाठी समकालीन साक्षीदाराऐवजी दुसऱ्या पिढीतला, दुसऱ्याच संगीतातला माणूस निवडला, ही संपादकांची निवड मला फार योग्य वाटली. प्रत्येक गाण्याची मुद्रणाची तारीख आणि कोणी काय वाजवले याची नोंद असल्यामुळे वादात हे पुस्तक आमच्याकडे सतत उघडे असते. दादाच्या प्रतिपादनांना तर ते विशेष जाचक ठरले आहे.

बीटल्स नव्या बँडांची जागा अडवून बसले आहेत, हा भाचीचा आक्षेप मी येथे नोंदवते, कारण तो रास्त आहे. याच तंत्राने लेननचा आवाज जुन्या कॅसेटवरून सुटा करून पूर्ण केलेले ‘नाऊ अँड देन’ २०२३ साली आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. त्या नामांकनांत पर्ल जॅम आणि ग्रीन डे हे माझ्या काळातले बँड होते, आणि आयडल्ससारखा तिच्या काळातलाही होता. निकाल कळल्यावर आम्ही दोघी, कदाचित पहिल्यांदाच, एका बाजूला होतो. ‘नाऊ अँड देन’ हे हृद्य गाणे आहे, पण त्या वर्षीच्या रॉकचे प्रतिनिधित्व ते करते असे मी म्हणणार नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ची पेटी त्या दोषातून मुक्त आहे. ती जुन्या कामाला जुने म्हणूनच समोर ठेवते.

ज्यांना केवळ अल्बम चांगल्या आवाजात हवा आहे त्यांनी एका डिस्कची आवृत्ती घ्यावी, तेवढी पुरे. ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळात आमच्यासारखा वाद चालू असेल त्यांनी पाच डिस्कची पेटीच घ्यावी आणि ती क्रमाने ऐकू नये. आधी चौथी डिस्क पूर्ण ऐकावी, म्हणजे १९६६ साली लोकांच्या कानांवर काय पडले ते कळेल. मग दुसऱ्या डिस्कवरील ‘रेन’ची दोन्ही रूपे, आणि लगेच आपल्या आवडत्या बँडचे सर्वांत जड ड्रम असलेले गाणे. आमच्याकडे त्या जागी अजूनही ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लागते. दादा पूर्वी ते एकटे लावत असे. आता त्याआधी ‘रेन’ लावायला तो स्वतःच सांगतो, आणि दोन्ही संपल्यावर बॉनमच कसा श्रेष्ठ, हे पहिल्यापासून सांगायला सुरुवात करतो.